मी एकटीच परत आले

मी एक घसरगाडी बोलतेय. बर्फावरची, कुत्र्यांनी ओढायची. चाकं मला नाहीत आणि कधी हवीशी वाटलीही नाहीत. आमच्या गावात रस्ताच नाही. समोर समुद्र आहे, आणि तो गोठला की तोच रस्ता.

झाडही आमच्याकडे उगवत नाही. माझ्या फळ्या जहाजातून आल्या. कावियाकने मला घराच्या दाराशी बसून घडवलं, आणि खिळा म्हणून एक मारला नाही. सीलच्या कातड्याच्या ओल्या वाद्यांनी त्याने माझे सांधे आवळले, म्हणजे खडबडीत बर्फावर मी मोडणार नाही, नुसती लवेन. एकेक गाठ मारून झाली की तो तिच्यावरून हात फिरवायचा.

त्याची बायको तुकुम्मेक दारातून बघत होती. "इतक्या मायेनं माझ्या पाठीवरून कधी हात फिरवला नाहीत!"

"ही उलट उत्तर देत नाही ना," तो म्हणाला. तोंडात साखरेचा खडा होता. साखर तो डब्यातून चोरायचा. घर त्याचं, डबा त्याचा, तरी चोरायचा. माणसांना सरळ मागून घेण्यात गोडी वाटत नाही, हे मी तेव्हाच ओळखलं.

आम्ही दोघांनी पुष्कळ हिवाळे काढले. सील आणले, वालरस आणला, त्यांच्या लेकीला, आविआकला, लग्नानंतर शेजारच्या वस्तीवर पोचवलं, आणि ती व तिचा नवरा येन्स तिथे रमेनात तेव्हा सामानासकट परतही आणलं.

मग तो हिवाळा आला. सूर्य डोंगरामागे गेला तो गेलाच, पण बर्फ मात्र धरेना. धरला तेव्हा लोकांना घाई झाली होती, मांस ठेवायचे उंच माच रिकामे पडले होते. कावियाक बर्फाखाली लावलेली जाळी बघायला निघाला. जाळ्याजवळ त्याची रीत ठरलेली असे. उतरायचं, लोखंडी टोकाची काठी बर्फात मारायची, आवाज ऐकायचा, मग पाऊल टाकायचं. त्या दिवशीही त्याने काठी मारली. पण वर ताजं हिम होतं आणि खालून प्रवाहाने बर्फ खाऊन टाकला होता. काठी आरपार गेली, आणि तिच्यामागून तो.

त्याचा एक हात माझ्या मागच्या दांड्यावर होता. त्याने धरून ठेवलं असतं, तर मी आणि सगळी कुत्री त्याच्यामागून आत गेलो असतो, आणि त्या हिवाळ्यात घराला घास मिळाला नसता. त्याने कुत्र्यांना घराकडे जायचा हुकूम दिला आणि हात सोडला. पाणी एकदा हललं. नंतर काळंभोर, गुळगुळीत दिसलं. कुत्री पळत सुटली. मी ओढली गेले. माझ्या हातात काय होतं?

दाराशी पोचलो तेव्हा तुकुम्मेक आधी हसली. तिला वाटलं, मागून चालत येतोय, चेष्टा करतोय. मग बराच वेळ ती अंधारात बघत राहिली.

गाव शोधायला गेलं. वादळाने सगळ्या खुणा पुसल्या होत्या. काही सापडलं नाही, आणि तिने तेच धरून ठेवलं. "काठीही सापडली नाही ना? मग ती त्यांच्याजवळच आहे. माझा बाप बर्फाच्या तुकड्यावर वाहत गेला होता, वसंतात चालत घरी आला. तसे हे येतील."

तिचा बाप खरोखरच आला होता.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचं नाव कुणी तोंडातून काढत नाही. ते एखाद्या नव्या बाळाला द्यायचं, मग ते बाळ मुलगा असो की मुलगी. नाव दिलं की तो माणूस घरात परत आला. मग लेकीने त्या बाळाला बाबा म्हणावं, बायकोने नवरा. तोवर नाव बाहेर, आणि माणूसही बाहेर.

लोक "तो, तुमचा तो" असं म्हणू लागले, की तुकुम्मेक तडकायची. "तो काय? नाव नाही त्यांना?" ती त्याच्यासाठी कॉफी ओतून ठेवायची. मांसातला त्याचा वाटा माचावर काढून ठेवायची. मी तिथेच उलटी पडलेली होते. धन्याशिवाय परत आलेल्या गाडीवर कोण बसणार? कधीकधी ती माझ्या दांड्याला धरून विचारायची, "बोल ना गं मेले! कुठं सोडलंस त्यांना? फार हाल झाले का?" मला माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं. ह्याहून वाईट काय असतं, मला ठाऊक नाही.

रोज दुपारच्या काळोखात कुत्री एकदम उठून उभी राहायची. सगळी बर्फाकडे बघायची. भुंकायची नाहीत, शेपट्या हलवायची. कुणीच आलेलं नसायचं. तरी माझ्या वाद्या करकरायच्या, कुणी टेकल्यासारख्या. मला भीती वाटायची. माझ्याच धन्याची भीती वाटायची.

त्याच हिवाळ्यात आविआकला मुलगी झाली. तुकुम्मेकने हट्टाने नवऱ्याचं नाव टाळून तिचं नाव रेबेक्का ठेवायला लावलं. चर्चमध्ये तिच्यावर पाणी शिंपडलं, तेव्हापासून पोर रडायला लागली ती थांबेचना. छातीला लावली की तोंड फिरवायची. दवाखान्यातली नर्स आली, औषध देऊन गेली. मोठ्या गावाला न्यायचं तर वादळामुळे हेलिकॉप्टर येत नव्हतं. पोर वाळत चालली. रडणंही बारीक झालं.

गावातली सगळी बाळं ज्या सिसिलिए म्हातारीच्या हातावर जन्मली, ती एक दिवस माचाशी उभी राहून तुकुम्मेकला म्हणाली, "पोर आपलं नाव मागतेय. दार लावून घेतलंयस तू, आणि तो बाहेर थंडीत उभा आहे."

"नाव दिलं तर ते मेले, असं मीच म्हटल्यासारखं होईल. मी नाही म्हणणार."

आविआक मागेच होती. "आई, बाबा गेले. आता ही जाईल. मग दोघांची वाट बघत बस!"

तुकुम्मेक वळली. घरात गेली, अंगरख्याच्या आत पाठीशी पोर बांधून बाहेर आली. मला खाली ओढलं, सुलटी केली आणि माझ्यावर बसली. कुत्री उठून उभी राहिली. माझ्या वाद्या करकरल्या, आणि ह्या वेळी ते तिच्या एकटीच्या वजनाने नव्हतं.

"अहो," ती अंधाराकडे बघून म्हणाली, "मी फार वेळ उभं केलं तुम्हाला. या आत."

तिने तळहातावर हिम वितळवलं, पोरीला पुढे घेऊन ओलं बोट तिच्या ओठांना लावलं आणि नाव घेतलं. "कावियाक." आणि मग ती स्वतःच रडली, नुकत्याच जन्मलेल्या बाळासारखी रडली. पोर मात्र गप्प झाली होती. बोट चोखत होती. कुत्री एकेक करून खाली बसली, आणि पुन्हा कधी तशी उठली नाहीत.

पोर जगली, आणि आजी तिला "अहो" म्हणू लागली. पोरगी साखरेचा डबा उघडताना सापडली, की आजी साऱ्या गावाला ऐकवायची, "लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांची सवय काही जात नाही!" मांसातला पहिला वाटा पोरीचा. त्याने येन्स जरा धुसफुसायचा. आपल्याच लेकीला सासरेबुवा म्हणून मान द्यायचा, हे त्याला जडच जायचं.

आता मुलगी नऊ-दहा वर्षांची आहे. माझ्या फळ्या तडकल्यात, वाद्या कुजल्यात. आज येन्सने मला माचावरून खाली उतरवलंय. घरात सामान ठेवायला फळी नाही, माझी मांडणी करणार आहे. तो करवतीला धार लावतोय तोवर आजी आणि नात माझ्यावर येऊन बसल्यात. दोघी समुद्राकडे बघताहेत. आजी पोरीची टोपी कानांवर ओढतेय. दोघींचं बोलणं चाललंय ते साधंच, कुत्रीला पिल्लं कधी होणार ह्याबद्दलचं.

मध्येच पोरीने माझ्या दांड्यावर हात ठेवला आणि समोर बघतच, मोठ्या माणसासारखं, हळू आवाजात म्हणाली, "फार हाल नाही झाले गं. वेळच लागला नाही."

तुकुम्मेकचा हात टोपीवरच थांबला. मग ती "बरं" म्हणाली, आणि तिचे खांदे खाली आले.

ये बाबा येन्स, आण तुझी करवत. मलाही एवढंच सांगायचं होतं.