आत घेतलेली कंबर

यांची पॅन्ट मी आज पुन्हा आत घेतली. हे आंघोळीला गेले की मशीनवर बसायचं, मागची शिवण उसवायची, बोटभर कापड आत दाबून शिलाई मारायची आणि पॅन्ट होती तशी खुंटीला. खरं तर या घरातले शिंपी हे. पार्किन्सन्स झाला, हात थरथरू लागले, तेव्हापासून दुकान मी बघते. गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाही, नवऱ्याला मात्र फसवतेय.

करणार काय? पोट खपाटीला गेलंय. "कशालाच वास नाही गं," म्हणतात आणि घास तोंडात घोळवत बसतात. ताट निवून जातं. गोड मात्र डब्यात टिकू देत नाहीत. मी रागावले तर यांना ठसका लागतो, गप्प बसले तर जेवण तसंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात कपडे लोंबताना दिसले की हे धीर सोडतील, ही माझी भीती.

आज तपासणी होती. हे वजनकाट्यावर उभे राहिले, पण अंग इतकं हलत होतं की आकडा ठरेना.

"काका, कपडे सैल होतायत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे! कंबर अगदी मापात बसते."

"मग फार काही घटलेलं दिसत नाही. आहे तेच चालू ठेवू."

हे असेच झिजत जाणार आणि कोणाला कळणारही नाही.

"घटलंय हो," मी म्हणाले. "पॅन्ट मी आत घेते. यांच्या नकळत." आणि मला रडूच आलं.

यांचा चेहरा हल्ली हसत नाही, पण आवाज हसला. "अगं, मागचे दोन खिसे एकमेकांच्या मांडीवर बसायला आलेत. जन्मभर पॅन्ट्स शिवल्या, मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू घाबरशील म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी बसून वजन करायचा काटा मागवला. आकडा बराच खाली आला होता. त्यांनी गोळ्या बदलल्या, थोडं थोडं पण सारखं खायला सांगितलं, आणि आम्हा दोघांनाही चांगलं खडसावलं.

घरी आल्यावर यांनी पॅन्ट माझ्या पुढ्यात टाकली. "उसव."

"अहो, कमरेवर राहायची नाही ती."

"पट्टा लावीन. सैल आहे तर सैल दिसू दे."

मग हात पुढे करून यांनी माझी बाही धरायला बघितली. दोनदा निसटली. तिसऱ्यांदा चिमटीत आली, दंडापासून चांगली सैल सुटलेली.

"आणि ही?" हे म्हणाले. "ही तुझ्या नकळत आत घ्यायला माझे हात चालत नाहीत गं."