सतरा मीटरवरची फरशी

दुन्या पेटीसमोर उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात न्हाणीघराच्या फरशीचा तुकडा होता. निळ्या फुलांची फरशी. पेटीवरच्या खडूच्या आकड्यांप्रमाणे ती टेकडीच्या पोटात सतरा मीटर वीस सेंटिमीटरवर सापडली होती.

चार वर्षं ती बेलग्रेडला भूवैज्ञानिक अभियांत्रिकी शिकत होती. माती पाणी पिऊन कशी सरकते, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. न्हाणीघरं कोणत्या युगात तयार झाली, हे मात्र कुठल्याच तासाला शिकवलं नव्हतं.

"वुकाशिनकाका, हे काय आहे?"

वुकाशिन हा भोकं पाडणारा मिस्त्री. पोकळ नळी फिरवत जमिनीत घालायची, आत अडकलेले दगडमातीचे गोल दांडे वर काढायचे आणि खोलीप्रमाणे लाकडी पेटीत मांडायचे, हे काम तो एकतीस वर्षं करत होता. शेडच्या दारात कॉफी ढवळत तो म्हणाला, "दगड."

"याच्यावर फुलं आहेत."

"निसर्ग गं. काय वाट्टेल ते करतो."

"काका!"

"बरं बाई. मेव्हण्याच्या घरची आहे. उरली होती."

"आणि इथे का घातलीत?"

"कारण तिथे काही आलंच नाही. नळी आपोआप सर्रकन खाली गेली, लोण्यात सुरी जावी तशी. वर काढली तर आत ठणठणाट. भोकात सोडलेलं पाणीही कुठं गेलं देव जाणे."

दुन्या ताडकन उठली. ही टेकडी गावच्या शाळेच्या डोक्यावर होती. ती साधारण सतराअठरा मीटरवरच्या एका बुळबुळीत थरावरून घसरते आहे, हे दुन्याच्या प्रबंधाचं म्हणणं होतं. आज दुपारी तिच्या मार्गदर्शक प्राध्यापक जुरिचबाई पेट्या पाहायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर शुक्रवारी परीक्षा आणि सोमवारी वाल्येवोच्या रस्ते कार्यालयात नोकरी. नाहीतर परीक्षा थेट ऑक्टोबरात, आणि नोकरी तोवर थांबणार नव्हती.

"मऊ माती धुऊन गेली म्हणून नळी रिकामी आली, काका! ती रिकामी जागा म्हणजेच माझा अख्खा प्रबंध आहे!"

"चार वर्षं शिकलीस पोरी, आणि हाती काय, तर भोक?"

तिने फरशी काढली. नदीतले गोटे काढले. पदपथाचा एक कोपराही निघाला. वुकाशिन कळवळला. "प्राध्यापक बाई येणार आणि तू दीड मीटर रिकामं दाखवणार? घरी पाहुण्यापुढे रिकामं ताट ठेवतेस का? माझी पेटी आजवर कुणी रिकामी पाहिलेली नाही."

बाहेर गाडी थांबली. "तिथे काही ठेवायचं नाही," दुन्या बोट नाचवत म्हणाली. "दगड नाही, वीट नाही, फरशी नाही. शब्द द्या."

"दिला."

दुन्या बाईंना आणायला बाहेर धावली. शब्द त्याने पाळलाही.

जुरिचबाईंची एक पद्धत होती. प्रत्येक मातीची चिमूट त्या दाताखाली घेत. कचकच लागली तर गाळ, गुळगुळीत लागली तर चिकणमाती. शास्त्रापायी त्यांनी दोन दाढा घालवल्याची वदंता होती. चष्मा गळ्यात तसाच लटकत ठेवून त्या अंधाऱ्या शेडमध्ये पेटीमागून पेटी चाखत निघाल्या आणि दुन्या मागे वहीत मान घालून लिहीत निघाली.

"चौदा मीटर, गाळ. सोळा, चिकणमाती." मग त्यांनी पुढचा तुकडा मोडला आणि नेहमीपेक्षा बराच वेळ चावला.

"चीज," बाई म्हणाल्या.

दुन्याने मान वर केली.

"आणि पालक."

वुकाशिनच्या बायकोने भाजलेली चीज-पालकाची गुंडाळी नळीच्या मापाची निघाली होती. "दगड नाही, वीट नाही, फरशी नाही," त्याने बोटांवर मोजून दाखवलं. "पिठाचं ही काही बोलली नव्हती."

दुन्याने एका दमात सगळं सांगितलं, रिकाम्या नळीपासून सोमवारच्या नोकरीपर्यंत. बाईंनी ऐकलं, घास गिळला. "हे तू म्हणतेस. प्रबंधही तुझाच. मिस्त्रींची वही काय म्हणते?"

वही म्हणत होती: सतरा वीस ते अठरा साठ, उत्तम खडक, भरपूर.

"हे त्यांनी स्वतःच्या हाताने बदललं तरच. नाहीतर ऑक्टोबर."

"माझ्या वहीत 'काही नाही' लिहू?" वुकाशिन म्हणाला. "मेलो तरी नाही."

मग मात्र दुन्याचा बांध फुटला. "अहो, खाली शाळा आहे! तुम्ही पेटी फरशीने भरा, गुंडाळीने भरा, टेकडीला काय पडलंय त्याचं? ती पेटी बघायला येणार नाहीये, ती वर्गात येणार आहे!"

वुकाशिनने खिडकीतून खाली पाहिलं. मधली सुट्टी झाली होती आणि पोरं नळावर भांडत होती. पेन्सिलीला टोक काढायला त्याने भरपूर वेळ घेतला, मग लिहिलं: नळी स्वतःहून पडली. आत काही नाही. चूक टेकडीची. खाली सही.

"शेवटचं वाक्य खोडा," बाई म्हणाल्या.

"ते राहणार."

बाईंनी वही मिटली. "राहू दे. दुन्या, शुक्रवारी दहाला ये."

गाडी गेली. दुन्या एका उपड्या खोक्यावर मटकन बसली.

"सोमवारी कुठं म्हणालीस?" वुकाशिनने विचारलं.

"वाल्येवो. रस्ते कार्यालय."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!" त्याचा चेहरा उजळला. "त्यांची सगळी भोकं मीच पाडतो."

दुन्या त्याच्याकडे बघत राहिली. "निवृत्त कधी होताय?"

"नऊ वर्षं आहेत अजून," तो आनंदाने म्हणाला.