मोरचुदाची पुरचुंडी

राजुरीत कुणाच्या शेततळ्यात शेवाळ माजलं, की पहिला फोन भिमाजीनानांना जायचा. द्राक्षबागेला मोरचूद-चुन्याचं बोर्डो फवारून फवारून नानांचा मोरचुदावर भारी जीव. त्याचे निळे खडे ते फडक्यात बांधायचे, ती पुरचुंडी दोरीनं पाण्यात सोडायचे आणि चार दिवसांत तळं नितळ करून द्यायचे. सोबत तासभर उपदेश, तोही फुकट. हिरवं पाणी दिसलं की नानांचे हात शिवशिवायचे, त्याला ते तरी काय करणार?

आणि आता तसलं पाणी त्यांच्याच घरात, टीव्हीच्या शेजारी येऊन बसलं होतं.

टाकी तेजस्विनीची, त्यांच्या मुलीची. पुण्यातली नोकरी सोडून ती घरी आली आणि तिनं जे अंथरूण धरलं, ते दीड वर्ष सोडलं नाही. ताप नाही, जखम नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वेळ लागेल म्हणून सांगितलं. वेळ किती, ते कुणी सांगेना. मग या उन्हाळ्यात ती एक दिवस आपण होऊन उठली, जीपनं नारायणगावला गेली आणि दोन फुटी काचेची टाकी घेऊन आली. तळाशी माती, वर बारीक खडी, त्यात पाणवनस्पती. त्या टाकीपायी ती सकाळी सातला उठायला लागली. नानांना टाकीतलं काही कळत नव्हतं, पण पोरगी उठते एवढं कळत होतं. तेवढ्यावर ते टाकीला हार घालायलाही तयार होते.

एक गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात शिरेना. टाकीत लिंबाएवढे तीन हिरवे मखमली गोळे होते.

"मॉस बॉल म्हणतात, नाना. शेवाळच आहे ते."

"शेवाळ? इकत आनलं?"

"पाण्यातलं खत हे थोडं ओढून घेतं, मग काचेवरच्या शेवाळाला कमी मिळतं. तरी जे येतं, ते हे बारा झिंगे आणि हा ओटो मासा खातात."

"आमी जलमभर शेवाळ मारलं, आन् तू पाळतीस," नाना म्हणाले. ती हसली. किती दिवसांनी हसली, म्हणून नानांनी तोच विनोद संध्याकाळी पुन्हा करून पाहिला.

दिवाळीनंतर तिला पुण्याहून बोलावणं आलं. माती-पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मुलाखत होती. पाच दिवस मैत्रिणीकडे राहायचं ठरलं. निघताना तिनं बजावलं, "टाकीवरचा दिवा सकाळी लावायचा, दुपारी बंद करायचा, नाहीतर शेवाळ माजतं. एक दिवसाआड चिमूटभर खाणं. बाकी काही करायचं नाही. नाना, काही म्हणजे काहीच नाही."

नानांनी मान डोलावली आणि पहिल्याच दिवशी दिवा बंद करायला विसरले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी काचेवर हिरवी साय धरली. पोरगी येणार, ही अवस्था बघणार, तोंड फिरवून पुन्हा आत जाऊन पडणार. असं त्यांना अगदी डोळ्यांपुढे दिसलं. त्यांनी मोरचुदाचा तुरीएवढा खडा फडक्याच्या चिंधीत बांधला आणि टाकीत सोडला. शेततळ्याच्या मानानं ते काहीच नव्हतं.

सकाळी पाहिलं तर बाराच्या बारा झिंगे तळाला आडवे पडले होते. ओटो मासा काचेला चिकटून भराभर श्वास घेत होता.

नाना तसेच नारायणगावला पप्पूच्या दुकानात गेले. टाकी त्यानंच विकली होती.

"तसलेच बारा झिंगे दे. तिला कळाया नगं."

"देतो की," पप्पू म्हणाला. "पर उद्या ते बी मरतील. मोरचुदात तांबं असतंय नाना, झिंग्याला ते इख. आन् आता ते टाकीतल्या मातीत बसलं. आदी घरी जा, मासा न् ते गोळे साध्या पान्यात काडा."

नानांनी मासा आणि गोळे विहिरीच्या पाण्याच्या बादलीत हलवले. त्यांची बायको कुशाबाई म्हणाल्या, "मांजरानं खाल्लं म्हनून सांगा."

"झाकनाच्या टाकीत मांजर?"

"मग तुमीच सांगा काय ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तेजस्विनी आली. मुलाखत बरी झाली, आठवड्यात कळवतील, असं तिनं दारातूनच सांगितलं. मग तिची नजर टाकीकडे गेली. नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"म्या मोरचूद घातला. तुरीयेवढा. झिंगे समदे मेले. मासा बादलीत हाय."

ती बादलीपाशी खाली बसली. पाण्यात बोट घातलं, मासा हलला. ती काहीच बोलेना. हे न बोलणं नानांना पाठ होतं, आणि ते त्याला मनापासून भ्यायले.

"का घातला, नाना?"

"दीड वरीस तू पडून व्हतीस," नाना म्हणाले. त्यांचा आवाज नीट निघेना. "समद्या गावाची तळी म्या सुदारली, आन् तुज्यासाटी मला कायबी करता आलं न्हाई. नुसता तुज्या खोलीभायेर बसून राह्यलो. या टायमाला वाटलं, आपल्या हातानं काय तरी करावं."

तेजस्विनीनं पाण्यातलं बोट काढून ओढणीला पुसलं.

"मामा देवऋषी घेऊन आला," ती म्हणाली. "आत्या स्थळं घेऊन आली. आईनं किती उपास धरले. जो तो काहीतरी करत होता, आणि दर वेळी मला वाटायचं, आता बरं होऊन दाखवायला हवं. तुम्ही तेवढे काही न करता बाहेर बसायचात. तुमचा खोकला मला आत ऐकू यायचा. त्या खोकल्याच्या जिवावर मी उठले, नाना."

नानांना एकदम रडू फुटलं. ते पुसायला खिशात रुमालही नव्हता. तेजस्विनी उठली नाही, काही बोलली नाही. फक्त जरा सरकली आणि बादलीशेजारी त्यांना बसायला जागा करून दिली.