संतरामकाकांची झटका मशीन
सूर्यावर वादळ उठलं की ते रेडिओवर खरखरतं. वादळ सूर्याजवळ असताना ती खरखर जमिनीवर ऐकू येते, पुढे सरकलं की फक्त अंतराळात. म्हणून आमच्या मोहिमेचे सहा उपग्रह वर, प्रत्येक चपलांच्या खोक्याएवढा, आणि त्यांच्या जोडीचा एक रेडिओ खाली डोंगरकडा या माझ्या गावात, आमच्या गच्चीवर. तो इथे यावा म्हणून मी पुण्याच्या ऑफिसात वर्षभर भांडले होते. मला भीती होती ती माकडांची, पण ती गच्चीकडे फिरकलीच नाहीत. त्रास दिला तो नोंदीत दर सेकंदाला येणाऱ्या 'टक' अशा एका आवाजानं.

टक कशाची, ते मी बसल्या जागी ठरवून टाकलं. शेजारच्या संतरामकाकांच्या शेताला तारेचं कुंपण आहे. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येऊ नयेत म्हणून झटका मशीन त्यात दर सेकंदाला वीज सोडते. पंधरा दिवसांत स्वच्छ नोंद मिळाली नाही, तर रेडिओ दुसरीकडे हलणार होता. मी काकांकडे गेले.

"काका, पंधरा दिस दिवसा मशीन बंद ठेवता का?"

"शीतल, तुझं काम व्हते का त्यानं?"

"व्हय."

"मंग ठेवतो."

बाबांनी मात्र विचारलं, "काहून बंद करायला लावली त्याची मशीन?"

"ते सांगून कळायचं न्हाई, बाबा," म्हणत मी ताटावर बसले. इतकी मी शहाणी.

चौदाव्या दिवशीही टक सुरूच. माझं डोकं फिरलं. भर दुपारी शेतात जाऊन मी आशाकाकूंसमोर काकांना म्हणाले, "शब्द दिला व्हता तुमी."

काका मला आखाड्यावर, शेतातल्या त्यांच्या खोपीत, घेऊन गेले. मशीन पोत्यात बांधलेली, बॅटरी काढलेली. बांधाकडचं सोयाबीन रोह्यांनी बुडापर्यंत खाल्लं होतं. तेरा दिवस दोघं नवरा-बायको आळीपाळीनं डबा वाजवत राखण करत होते.

एक छोटा रेडिओ हातात घेऊन मी टक शोधत निघाले. घर जवळ येत गेलं तशी ती मोठी होत गेली. आमच्या गच्चीच्या कठड्याला, कडुलिंबाच्या बाजूनं बाहेरून, दोन बारीक तारा होत्या. गोठ्यात कडब्यामागे नवी कोरी मशीन टकटकत होती.

"माकडं लिंबावरून उतरतेत," बाबा म्हणाले. "तुझं यंत्र मोडलं असतं."

मला रडूच आलं. त्यांनी विचारलं तेव्हाच सांगितलं असतं, तर त्याच दिवशी त्यांनी ती काढली असती. मग सगळं सांगितलं. बाबांनी बॅटरी सोडवली आणि विचारलं, "डबा वाजवला तर चालते का?"

"चालते."

मी काकांकडे परत गेले. "काका, टक तुमची नव्हती. आमची होती."

काका सोयाबीनकडे बघत राहिले. "मंग लावू का आता माझी?"

उद्याचा एकच दिवस उरला होता. त्यांची मशीन लावली, तर पुन्हा टक येण्याचा धोका होता. "अजून एक दिस," मी म्हणाले. बोलताना माझी मलाच लाज वाटली. काकांनी डबा आणि काठी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी बाबा गच्चीवर आणि मी काकांच्या बांधावर. सव्वाबाराला पुण्याहून मेसेज आला: वादळ आलं, वर सहाही उपग्रहांनी ऐकलं, खालची नोंद एकदम स्वच्छ, रेडिओ डोंगरकड्यातच राहणार. सोबत नोंदीचं चित्र होतं. ते उघडणार तेवढ्यात तुरीतून रोह्यांचा कळप बाहेर आला. मी फोन खिशात टाकला आणि डबा बडवत धावले.