पाणकराचा फावडा

मित्रांनो, जमुनाबाईच्या सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, खांबाला टेकून जो जुना फावडा उभा दिसतो ना, तो मीच. या जवळ, चावत नाही मी. पातं झिजून अर्धं राहिलं आहे आणि दांड्याला मधोमध चीर गेली आहे, पण बोलायला अजून खणखणीत आहे. गोड बोलणं मात्र माझ्याकडून होणार नाही. सगळा जन्म चिखलात गेला, साखर कुठून आणू? आणि जे सांगायचं आहे तेही गोड नाही. ते सांगताना मला फार वाईट वाटतं, हे आधीच सांगून ठेवतो.

अर्जुनी मोरगावच्या बाजारात एका लोहाराने ट्रकच्या कमानपाट्यापासून मला घडवलं. ताराचंद तेव्हा तरुण होता. नुकतंच लग्न झालेलं आणि गावाने त्याला पाणकर नेमलेलं. त्याने तीन-चार फावडे उचलून पाहिले, बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला आणि मला निवडलं. धावड्याच्या लाकडाचा दांडा त्याने स्वतः तासून बसवला. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांचे झालो.

पाणकर म्हणजे काय, ते तुमच्यातल्या शहरी पोरांना ठाऊक नसेल. आमच्या गावाला मोठा तलाव आहे. कोहळी लोकांच्या पूर्वजांनी तो कधी काळी बांधला आणि अजून गावाचं धान त्याच्यावरच पिकतं. पाऊस वेळेआधी सरला की तलावाचं पाणी नंबराने द्यावं लागतं. आज याच्या बांधीत, उद्या त्याच्या बांधीत. बांधी म्हणजे धानाचा वाफा. ते पाणी वाटणारा तो पाणकर. धुरा, म्हणजे बांधीचा बांध, फोडून पाणी आत घ्यायचं आणि बांधी भरली की चिखल दाबून तोंड बुजवायचं, हे काम माझं. चाळीस घरांच्या बांध्या, कोणती उंच, कोणती खोलगट, कोणाला किती घटका पाणी पुरतं, हे सारं ताराचंदच्या डोक्यात होतं. कागद नाही, वही नाही. आणि एक जुना रिवाज होता. पाणकराने आपल्या बांधीत सगळ्यांच्या शेवटी पाणी घ्यायचं. उरलं तर घ्यायचं, नाही उरलं तर गप्प बसायचं. ताराचंदने वीस वर्षं तो रिवाज पाळला. लोक म्हणायचे, ताराचंदच्या हातून थेंब इकडचा तिकडे होत नाही. ते ऐकून मलाच मूठभर मांस चढायचं, जरी माझ्या अंगावर मांस नसलं तरी.

दोन वर्षांपूर्वीचा आश्विन. पाऊस लवकर गेला होता आणि धान निसवायला, लोंब्या धरायला लागलं होतं. अशा वेळी आठ दिवस पाणी चुकलं तर दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. ताराचंद सकाळीच तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर गेला, मला वर गवतात ठेवलं आणि तुडुमात उतरला. तुडुम म्हणजे पाणी सोडायची दगडी जागा. अरुंद पायऱ्यांनी खाली जाऊन भोकातला लाकडी खुंटा उपटावा लागतो. वीस वर्षं त्याने तो उपटला होता. त्या दिवशी शेवाळावरून पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू दगडावर आपटली. तो आवाज मी ऐकला. मी लोखंड आहे, आपटण्याचा आवाज मला कळतो.

गुलाबचंद, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, शेजारीच म्हशी धूत होता. तो धावत आला. त्याने ताराचंदला बसवलं, डोक्यामागे हात फिरवला आणि स्वतःचा तळवा उलटा-सुलटा करून पाहिला.

"रक्त नाही निघाला," तो म्हणाला. "काही नाही होत बाप्पा, ऊठ."

ताराचंद उठलाही, हसलासुद्धा. पण काय झालं ते त्याला आठवत नव्हतं. घरी आला तर जमुनाबाईने गरम हळदीची पट्टी बांधली आणि चहा दिला. तो त्याने ओकून टाकला. मी त्याच्यासमोर याच खांबाला उभा होतो आणि तो विचारत होता, फावडा आणला का? जमुनाबाईने सांगितलं, हा काय समोर. दोन मिनिटांनी परत, फावडा आणला का? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती हसली, म्हणाली की बायकोपेक्षा फावड्यावर जीव आहे याचा. मग तो झोपला. भरदिवसा कधी न झोपणारा माणूस सकाळी जो झोपला तो दिवस कलल्यावरच उठला. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, आराम मिळाला. दवाखान्यात न्यायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. कायले नेतील? रक्त तर निघालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कामावर हजर. धान थांबणार थोडंच!

पण मित्रांनो, दांड्यावरची पकड मला सांगत होती की हा तो ताराचंद नाही. चालताना तो एका बाजूला झुकायचा. धुरा फोडून झाला की तिथेच उभा राहायचा, पुढे काय करायचं ते सुचत नसल्यासारखा. "तुडुम" हा शब्द त्याला सापडेना, "ते... ते दगडाचं" म्हणायचा. पोरं पाळीवर ओरडली की कानांवर हात ठेवायचा. ज्याने कधी बैलालाही शिवी दिली नाही, त्याने भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर फेकलं. नंतर तेच ताट उचलताना तो रडला. जमुनाबाई घाबरली. गावात कुजबुज सुरू झाली होती की ताराचंद मोहाची पिऊन राहिला. तीही मग बाटली शोधू लागली. धानाच्या ढोलीत हात घालून शोधली, माळ्यावर शोधली, माझ्यामागच्या कोपऱ्यातही शोधली. सापडली नाही. तरी तिला वाटलं की तो बाहेरच पीत असेल. संशय आला की माणसाला रिकामा कोपराही पुरावा वाटतो. माझं बोलणं तिला ऐकू येत असतं तर सांगितलं असतं, बाई, मी दिवसभर त्याच्या खांद्यावर असतो, थेंब नाही घेतला त्याने!

आणि मग पाण्यात चुका झाल्या. गुलाबचंदच्या बांधीत त्याने दहा दिवसांत तीनदा पाणी दिलं. दिलेलं तो विसरायचा आणि परत तोच धुरा फोडायचा. इकडे छोटेलालची बांधी टोकाला, तिच्यात पाणी पोचलंच नाही. छोटेलाल भडकला. पाळीवर बैठक बसली. छोटेलाल सगळ्यांसमोर म्हणाला की पाणकराने दोस्ती पाहून पाणी वाटलं. ताराचंद नुसता इकडेतिकडे पाहत होता. त्याला सांगायचं खूप होतं, पण ओठ हलायचे आणि शब्द यायचा नाही. गुलाबचंद उठून जवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, खरं सांग, घेतली का आज?

आणि ताराचंदने मला उचललं.

हे सांगताना अजून माझी लाज जात नाही. वीस वर्षांत मी चिखलाशिवाय काही कापलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्या दोस्ताच्या डोक्यावर उगारला गेलो. लीलाधर नावाच्या तरुणाने मागून माझा दांडा धरला म्हणून निभावलं. दांड्याला चीर गेली ती तेव्हाच. कोणाला लागलं नाही. पण जमुनाबाई तोंडात पदर धरून उभी होती आणि ताराचंद स्वतःच्या हातांकडे पाहत होता, ते दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे. त्याच बैठकीत पाणकरकी लीलाधरला मिळाली. मीही त्यालाच मिळालो, कारण ताराचंदच्या हाती मला ठेवायची आता सगळ्यांना भीती वाटत होती.

लीलाधर कामाला चांगला होता. नंबर लिहून ठेवायचा, भांडण करायचा नाही. मला मात्र त्याचा हात परका वाटायचा. एकेक बांधी भरत भरत आम्ही चौथ्या दिवशी शेवटच्या बांधीवर आलो. ती ताराचंदची. तिच्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. लीलाधरने एक लोंबी तोडून दाबली. आत दाणाच नव्हता. तो धुऱ्यावर मटकन खाली बसला. माझ्याशीच बोलल्यासारखा म्हणाला, "माणूस लबाडी करते, तं आपली बांधी कोरडी ठेवते का?"

अख्ख्या गावाने आरोप केला, मित्रांनो, पण त्याची बांधी पाहायला एकही जण गेला नव्हता.

लीलाधर तसाच चिखलाच्या पायांनी हर्षाकडे गेला. हर्षा म्हणजे गावची आशाताई, घरोघरी दुखणंखुपणं विचारणारी आरोग्यसेविका. हर्षाने जमुनाबाईला एकच गोष्ट विचारली, हे कधीपासून? जमुनाबाई बोटं मोजत मागे गेली आणि तुडुमावरच्या त्या सकाळी येऊन थांबली. ओकला होता का? हो. झोप अनावर होती का? हो. तेच तेच विचारत होता का? यावर जमुनाबाई खाली बसली आणि मोठ्याने रडू लागली.

तिघांनी त्याला गोंदियाला नेलं. मी तिकडे नव्हतो, पण परत आल्यावर लीलाधरने पाळीवर सगळ्यांना सांगितलं ते मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते की डोकं म्हणजे दह्याचं मडकं. मडकं जोरात आपटलं आणि फुटलं नाही, म्हणून आतलं दही शाबूत राहतंच असं नाही. ताराचंदच्या मेंदूला मार लागला होता, आत रक्त साकळलं होतं. ज्या भागाने माणूस नवं लक्षात ठेवतो, राग आवरतो, एकामागून एक काम ठरवतो, तोच भाग दुखावला होता. झोकांड्या दारूच्या नव्हत्या. तो रागही त्याच्या स्वभावातला नव्हता, त्या जखमेचा होता. जमुनाबाईने डॉक्टरांना विचारलं की त्याच दिवशी आणला असता तर? डॉक्टर म्हणाले, फायदा झाला असता बाई, किती ते मला आता सांगता येणार नाही.

सगळं ऐकून झाल्यावर गुलाबचंद उभा राहिला. "मी आपला हात पाहिला," तो म्हणाला, "त्याच्याकडे नाही पाहिला." छोटेलालने डोक्यावरचा दुपट्टा काढून तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून ताराचंदच्या बांधीत पाणी सोडायला गेले. धान केव्हाच गेलं होतं. तरी त्यांनी सोडलं.

लीलाधरने मला इथे आणून उभं केलं आणि स्वतःसाठी नवा फावडा घेतला. मला खूप आनंद झाला. वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. कसलं पहिल्यासारखं होतं! ताराचंदला गोळ्या चालू आहेत, हर्षा येऊन शब्दांचा सराव करून घेते, ओरडणं पुष्कळ कमी झालं आहे. परसात वाफा करायला दिला तर अजूनही असा करतो की बघत राहावं, हातांनी काही विसरलेलं नाही. पण नवं काही त्याच्या डोक्यात टिकत नाही.

म्हणून सांगतो, पोरांनो, माझं ऐका. झाडावरून, सायकलवरून, पायरीवरून कोणी डोक्यावर पडलं तर रक्त शोधत बसू नका. ओकारी, झोपेची गुंगी, डोकेदुखी, तोच तोच प्रश्न, बोलण्यात अडखळ, यातलं एक दिसलं तरी मोठ्यांना ओढत दवाखान्यात न्या. अशा मारानंतर कधी फिटही येते. कोणाला फिट आली की तुम्ही चप्पल हुंगवायला धावता, ते सोडा. त्याला कुशीवर करा, डोक्याखाली काही मऊ सरकवा आणि माणसं बोलवा. आणि चांगला माणूस एकाएकी बदलला, तर त्याला बेवडा, पागल म्हणण्याआधी एकदा विचारा, याला कधी लागलं होतं का? एवढं विचारायला काही पैसे पडत नाहीत.

आता राहिलं ते रोजचं. पाणकरकी गेली हेही ताराचंदच्या लक्षात राहत नाही. रोज सकाळी तो उठतो, मला खांद्यावर टाकतो आणि पाळीवर निघतो. पहिले पंधरा दिवस जमुनाबाई त्याला खरं सांगायची, की ते काम आता लीलाधर करते. तो रोज ते पहिल्यांदाच ऐकायचा. रोज त्याचा चेहरा तसाच पडायचा. एकच दुःख माणसाला किती वेळा द्यायचं? मग तिने खोटं सांगायला सुरुवात केली. आज पानी बंद आहे जी, उद्या सोडाचा आहे. तो बरं म्हणायचा, मला टेकवून ठेवायचा आणि चहा प्यायला बसायचा.

परवा सकाळी मात्र तो बसला नाही. तिच्याकडे वळला.

"जमुना, तू मले हे रोजच सांगतेस का?"

तिने हातातला सड्याचा गडू खाली ठेवला. "हो जी," ती म्हणाली. "रोजच."

"मी पानकर नाही आता?"

"नाही जी."

दांड्यावरची त्याची मूठ आवळली आणि सैल झाली. ती मला पूर्वीची, ओळखीची वाटली. त्याने मला हळूच खांबाला टेकवलं.

"मंग उद्याई असाच सांगजो," तो म्हणाला. "पानी बंद आहे म्हनून सांगजो."

काल सकाळी तो उठला, मला खांद्यावर घेतलं आणि निघाला. जमुनाबाईने त्याला सांगितलं, आज पानी बंद आहे जी. तो बरं म्हणाला आणि चहा प्यायला बसला.