बाबांच्या गाडीची खडखड

बाबा दिसायच्या आधी ऐकू यायचे. टेकडीखालच्या चर्चपाशी गाडी वळली की पत्र्याची खडखड सुरू व्हायची आणि आई कोबीच्या सूपखालचा गॅस मोठा करायची. बाबा दारात, सूप वाडग्यात. कित्येक वर्षं आमच्या घरात एवढंच घड्याळ होतं.

मार्चमध्ये बाबा गेले आणि गाडी माझ्याकडे आली. ऑक्टोबरात ती खडखड एवढी वाढली, की मागच्या सीटवरची माझी सहा महिन्यांची तेसा दचकून रडायला लागली. त्यात महिनाअखेरीला गाडीची वार्षिक तपासणी. गॅरेजवाल्याने खाली न वाकताच निकाल दिला, "धूर गाळणारा डबा फुटलाय आतून. भंगारात द्या."

बाबांच्या तळव्यांनी गुळगुळीत झालेलं ते स्टीअरिंग भंगारात? मी गाडी थेट व्हेरोना आत्याच्या अंगणात घातली. आत्या बाबांची थोरली बहीण. स्कूलबसच्या डेपोत तीस वर्षं मेकॅनिक होती.

"त्या गॅरेजवाल्यालाच दे भंगारात," आत्या म्हणाली. "आधी गार होऊ दे. तोवर पोरगी आण इकडे."

गाडी गार झाल्यावर आम्ही पुढची चाकं उतरत्या फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना लाकडी पाचर लावली.

"आता गाडीखाली शिर."

"मी?"

"मग काय तेसा? माझे गुडघे माझ्याआधी रिटायर झालेत. मी ऐकते, तू ठोक."

पुठ्ठ्यावर पाठ टेकून मी रबरी हातोडी मागच्या सायलेन्सरवर मारली. धप्प.

"हा ठणठणीत. आता मधला डबा."

ज्याला गॅरेजवाला फुटलाय म्हणाला, हाच तो. मारली. धप्प.

"आत खडे खुळखुळल्यासारखं झालं?"

"नाही."

"मग जिवंत आहे. आता त्याच्यावरचा पत्रा."

झर्रर्र! वर तेसाने भोकाड पसरलं.

"सापडला चोर!" आत्या ओरडली.

उष्णता अडवणारा पातळ पत्रा लोंबत होता. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात त्या मिठाने त्याचे बोल्ट केव्हाच खाल्ले होते. भोवतीचा पेचाने आवळायचा पट्टा ढिला पडलेला, आणि त्याच्याखाली खाण्याच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेली पट्टी.

"आत्या, इथे टोमॅटोचं चित्र आहे."

आत्याने नाक ओढलं. मग म्हणाली, "तुझ्या बापाचंच काम. गाढव कुठला! दरवर्षी बर्फाआधी खाली सरपटायचा न् पेच आवळायचा. तोही अर्धाच. मी म्हटलं, नीट आवळ ना रे. तर तुझ्या आईबद्दल म्हणतो कसा, मग एमिलियाला कळणार कसं मी आलोय ते?"

मी तशीच पडून राहिले. यंदा पेच आवळायला कुणी नव्हतं, एवढाच तो बिघाड.

"काय करतेस?" आत्याने हळूच विचारलं. "त्याच्यासारखा अर्धाच?"

तेसा हुंदके देत होती. मी ती टोमॅटोची पट्टी पुसून पुन्हा तिथेच ठेवली, वर दोन नवे पट्टे चढवले आणि पेच पार शेवटपर्यंत आवळले.

गाडी तपासणीत पास झाली. रविवारी आईकडे निघाले तेव्हा तेसा मागे गाढ झोपली होती, आणि गाडीत कसलाच आवाज नव्हता. चर्चपाशी वळले. थांबले. आणि एकदा लांबलचक हॉर्न दिला.

दार उघडलं तर सूप उकळत होतं.

"कळलं गं," पाठमोरीच आई म्हणाली, "केवढ्यानं वाजवतेस? पोर उठेल ना."