ठोकून बघा, काका

हसू नका, मी मोटारगाडीच आहे. चाकांऐवजी सध्या बुटक्या लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे आणि माझी दारं भिंतीला टेकवून ठेवलीत, म्हणून काय झालं? साठी उलटली तरी माझं तोंड अजून शाबूत आहे.

काय तोरा होता माझा! गोल दिवे, मऊ गादी, वळणदार मडगार्ड. आमच्या मालकांनी मला तरुणपणी घेतली. दुकानापासून घर दहा मिनिटांवर, पण त्यांनी तासभर लावला. ओळखीच्या प्रत्येक दारावरून मिरवायचं होतं ना!

पुढे माझं इंजिन रुसलं. सुटे भाग मिळेनात, आणि मला विकायला मालक तयार होईनात. त्यांनी मला शेडमध्ये उभी केली आणि जाड ताडपत्रीत घट्ट गुंडाळली. अहो, त्या ताडपत्रीनंच घात केला! आतला ओलावा आतच राहिला आणि मी खालून गंजत गेले. वर्षातून एकदा मालक यायचे, डाग दिसला की त्यावर रंगाचा हात मारायचे आणि खूश होऊन जायचे. वीस वर्षं हेच. प्रेमच होतं हो ते, पण अडाणी.

परवा त्यांच्या लेकीनं मिस्त्रीला आणलं. बापाला एकदा तरी माझ्यातून फिरवायचं तिच्या मनात आहे. मिस्त्री माझ्याखाली सरपटून बाहेर आला आणि म्हणाला, "इंजिन होईल सुरू. पण गंजका पत्रा कापावा लागेल. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात सीटसकट माणूस रस्त्यावर."

"काही कापायचं नाही!" मालक कडाडले. "कापत सुटलात तर माझी गाडी उरेल काय?"

"बाबा, अहो ऐका तरी..."

"नाही म्हणजे नाही!"

माझा जीव टांगणीला लागला. हे हट्टाला पेटले की संपलंच.

मिस्त्री वाद घालत बसला नाही. हातोडी उलटी धरून त्यानं लाकडी दांड्यानं माझं छत ठोकलं. टण्ण! मग हातोडी आणि खडू मालकांच्या हातात दिला. "काका, तुम्हीच ठोकून बघा. खणखणीत वाजेल ते राहील. बद्द वाजेल तिथं फुली मारा. फुलीबाहेर मी हात लावणार नाही."

बॉनेट, टण्ण. मडगार्ड, टण्ण. मालकांची मान ताठ झाली. मग दाराखालची पट्टी. बद्द. त्यांनी पुन्हा जरा जोरात ठोकलं, तर दांडा सरळ आत गेला आणि मूठभर लाल भुगा त्यांच्या पायावर पडला.

ते तिथंच उकिडवे बसून राहिले. "माझ्याच हातानं रंगवत होतो गं मी," लेकीला म्हणाले. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी फुली मारली. अशा सतरा मारल्या, एकही चुकवली नाही.

काल कटर चालला. दुखलं नाही म्हटलं तर खोटं होईल, पण कुजकं गेल्यावर मोकळंही वाटलं. नवा पत्रा अजून बसायचाय. आज मिस्त्री जेवायला गेला तसे मालक हळूच येऊन स्टिअरिंगपाशी बसले. खाली तळच नाही, त्यामुळे पाय थेट जमिनीवर! लेकीला हसू आवरेना.

"बाबा, कुठे निघालात?"

"बस शेजारी," ते म्हणाले. "चालत का होईना, जाऊन येऊ."

मिस्त्रीबुवा, उद्या जरा लवकर या हो. मी थांबेन, मला सवय आहे. हे ब्याऐंशीचे आहेत.